खान्देशातल्या तलावातला गाळ काढायचा कसा: सळईच्या मोजणीपासून पहिल्या पाण्यापर्यंत

पोकलेन तलावात उतरवणं ही गाळ काढण्याच्या कामातली जवळजवळ शेवटची पायरी. बऱ्याच गावांत तीच पहिली होऊन बसते. मशीन मिळालं, डिझेलची सोय झाली, लागा खोदायला. मग भिंतीच्या पायथ्याशी खड्डे पडतात, नको तिथला मुरूम उघडा होतो आणि तलाव आधीपेक्षा लवकर आटतो. ज्या चिखलात कासवं, बेडूक, मरळ उन्हाळा काढतात तो चिखलही त्यांच्यासकट ट्रॉलीत चढतो. हे नुकसान अजाणतेपणी होतं, पण भरून यायला वर्षं लागतात. म्हणून काम नीट क्रमानं करावं. मोजणी आणि कागदपत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये, खुणा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, खोदाई एप्रिलचा शेवट ते मे, आणि ५ जूनच्या आत मशीन तलावाबाहेर.

तलाव कोणाचा आणि कशासाठी बांधलेला

पहिला प्रश्न मालकीचा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव आणि बंधारे बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे असतात. त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि मोठी धरणं जलसंपदा विभागाकडे. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांत काही तलाव वनहद्दीत येतात. तिथं वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय फावडंही लावू नये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या अटी आणि अनुदानाचे दर बदलत असतात, त्यामुळे चालू शासन निर्णयाची प्रत हातात घेऊनच ग्रामसभेचा ठराव लिहा. ठरावात एक वाक्य ठळक असू द्या: फक्त गाळ निघेल, वाळू आणि मुरूम निघणार नाही. ही दोन्ही गौण खनिजं आहेत आणि त्यांचा परवाना महसूल खात्याचा, वेगळा असतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि तो फार कमी ठिकाणी विचारला जातो: हा तलाव पाणी धरून ठेवायला आहे की जिरवायला?

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीतून बांधलेले अनेक तलाव पाझर तलाव आहेत. त्यांच्यात पाणी दिसतं थोडे महिने, पण खालच्या विहिरी त्यांच्यावर चालतात. अशा तलावाच्या तळाशी बारीक गाळाचा थर बसला की पाझर बंद होतो. तलाव भरलेला दिसतो म्हणून गाव खूश असतं आणि खालच्या विहिरी मात्र जानेवारीतच तळ दाखवतात. इथं गाळाचा शेवटचा चिकट थर निघाला पाहिजे. मूळ जमीन उघडी पडली तरी हरकत नाही, फक्त तिच्यात खोदत जायचं नाही. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात सातपुड्यातून आलेल्या दगडगोट्यांचा आणि रेतीचा जाड थर आहे. तिथल्या पाझर तलावांना हे सर्वात जास्त लागू पडतं, कारण केळीच्या विहिरी आणि बोअरना पाणी पोचायची वाट त्याच थरातून जाते.

गावतळं किंवा सिंचनाचा साठवण तलाव असेल तर हिशेब उलटा. तिथं तळाचा चिकट थर हेच पाणी धरणारं अस्तर. तो सगळा खरवडला की खालच्या फुटक्या खडकातून पाणी निघून जातं. साठवण तलावात शेवटचा ३० सेंटिमीटर गाळ राहू द्यावा. साक्री, शिंदखेडा, नंदुरबार भागांत काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती जमिनीतून मैलोन्‌मैल गेल्या आहेत, अभियंते त्यांना डाईक म्हणतात. तलावात किंवा जवळ अशी भिंत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं भूजल वेगळं वागतं. मशीन लावण्याआधी भूजल सर्वेक्षण विभागाच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवा.

सळईनं मोजणी

गाळ किती आहे याचा अंदाज डोळ्यांनी घेतला की तो नेहमी चुकतो. साधन स्वस्तातलं आहे: १२ मिलिमीटरची गुळगुळीत गोल सळई, १० फूट लांब, वरच्या टोकाला आडवी मूठ वेल्डिंग करून घेतलेली, आणि दर १० सेंटिमीटरवर रंगाची पट्टी. तळ ओलसर असताना दोघांनी जावं, एकानं सळई दाबायची, दुसऱ्यानं लिहायचं. भिंतीला समांतर आणि काटकोनात दर २० मीटरवर एक टोचा.

गाळात सळई लोण्यासारखी उतरते. मूळ जमीन लागली की हाताला कर्रकर्र जाणवतं आणि मूठ थांबते. तिथला आकडा म्हणजे गाळाची जाडी. तळ वाळून भेगाळला असेल तर सळई फसवते, कडक गाळालाच ती तळ समजते. अशा वेळी पाच-सहा ठिकाणी हातानं तीन फुटी चाचणी खड्डे घ्या. गाळ काळसर, तेलकट, बिनखड्याचा असतो. मूळ जमिनीत बारीक दगड, जुन्या मुळ्या, पांढरे चुनखडीचे खडे किंवा पिवळट मुरूम दिसतो. ही सीमा चालकाला खड्ड्यात उतरवून एकदा दाखवा, कागदावर सांगून उपयोग नसतो.

मग गुणाकार. मशीन लावायचा भाग १०० × ८० मीटर आणि काढायच्या गाळाची सरासरी जाडी ०.९ मीटर असेल तर ७,२०० घनमीटर गाळ, म्हणजे एका भरण्यात ७२ लाख लिटर जादा पाणी. खोदलेला गाळ फुगतो, त्यामुळे वाहतुकीला किमान २० टक्के जास्त धरा: सुमारे ८,६४० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रॉली १० × ६ फूट आणि पावणेदोन फूट उंच असेल तर १०५ घनफूट, साधारण एक ब्रास. तेव्हा ३,०५० खेपा. ट्रॉल्यांची वाट पाहण्यात जाणारा वेळ धरून पोकलेन तासाला ५० घनमीटर काढतं असं माना. १४४ तास, रोजचे ९ तास धरले तर १६ दिवस. रोज १९० खेपा, म्हणजे १२ ट्रॅक्टर आणि प्रत्येकी १६ खेपा. ही गणितं ग्रामसभेत फळ्यावर मांडा. ट्रॅक्टर सहाच असतील तर मशीन अर्धा दिवस नुसतं उभं राहील आणि डिझेल जाळेल. आखाजीचे दोन-तीन दिवस चालक मिळत नाहीत, तेही आधीच वजा करा.

गाळ कोणाच्या शेताला मानवतो

खोदण्याआधी चार-पाच ठिकाणचा गाळ मिसळून अर्धा किलो नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर, किंवा विद्युत वाहकता (क्षारांचं माप) १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर सल्ला घेतल्याशिवाय पसरू नका. गावाचं किंवा कारखान्याचं सांडपाणी ज्या तलावात उतरतं तिथला गाळ जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय भाजीपाल्याच्या शेतात जाता कामा नये.

घरी करायची चाचणीही कामाची आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा गाळ, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, आणि जोरात हलवायचं. मिनिटाभरात खाली बसते ती रेती. दोन तासांत त्यावर बसते ती पोयटा माती. दुसऱ्या दिवशी वर चढलेला थर चिकण मातीचा. बरणीत अर्ध्याहून जास्त रेती असेल तर वाहतुकीचा खर्च करू नका.

पारोळा, अमळनेर, साक्रीकडच्या हलक्या, मुरमाड जमिनींना गाळ म्हणजे वरदान, कारण त्यांत पाणी टिकत नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत मात्र गाळ टाकू नये. तिथं निचऱ्याचीच अडचण असते, ती आणखी वाढते आणि पावसाळ्यात केळीची मुळं कुजतात.

मशीननं जिथं जायचं नाही

खुणा करायला एक पूर्ण दिवस द्या. चुना, लाकडी खुंट्या आणि लाल फडकी पुरतात.

भिंत सर्वात आधी. मातीच्या भिंतीच्या आतल्या पायथ्यापासून निदान १५ मीटर, किंवा भिंतीच्या उंचीच्या ५ पट, यांत जे जास्त असेल तितकं अंतर सोडा. अभियंत्यानं याहून जास्त सांगितलं तर तेच धरा. भिंतीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो आणि तो जमिनीखाली खंदकात उतरलेला असतो. पायथ्याशी खोदलं की पाण्याला गाभ्याखालून जायची वाट जवळ होते. भरल्या तलावात ती वाट रुंदावते, मागच्या बाजूला गढूळ पाणी फुटतं, आणि मग भिंत वाचवायला वेळ उरत नाही. ट्रॉल्यांना जवळचा रस्ता म्हणून भिंत कापणं किंवा सांडव्याचा (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेचा) काठ फोडणं हा तर सरळ धोका आहे. आत उतरायची घसरण काठाच्या बाजूनं करा, साधारण आठ फुटाला एक फूट उतार देऊन. सांडव्याला हात लावू नका. पाणी जास्त मावावं म्हणून त्यावर गोण्या रचायचा मोह होतो, पण त्यानं पुराचं पाणी भिंतीवरूनच जातं आणि भिंत वाहून जाते. भिंतीवरची वेडी बाभूळ बुंध्यातून कापा, उपटू नका. मुळं उपटली की त्यांच्या जागी बोळ पडतात.

दुसरी जागा तलावाच्या शेपटाची, जिथं नाला आत येतो. तिथं लव्हाळा, पाणकणीस आणि गुडघाभर पाण्याचा उथळ भाग असतो. दिसायला निरुपयोगी, पण येणारं गढूळ पाणी तिथंच मंदावतं आणि गाळ टाकतं. हिवाळ्यात चक्रवाक, तुतवार, शेकाट्या तिथंच चरतात. माशांची पिल्लं त्याच गवतात लपतात. एकूण काठाचा निदान तिसरा हिस्सा, शेपटासकट, जसा आहे तसा सोडा. काठच्या चिखलाच्या वरच्या १०-१५ सेंटिमीटर थरात पाणवनस्पतींचं बी आणि सूक्ष्म जलचरांची सुप्त अंडी असतात. पहिल्या पाण्याला तीच उगवतात आणि तलाव पुन्हा जिवंत होतो. सगळा थर खरवडलेला तलाव पुढची काही वर्षं नुसतं मातीचं टाकं राहतो.

तिसरी जागा उरलेल्या पाण्याची. तळ कोरडा हवा म्हणून शिल्लक डबकं पंपानं उपसू नका. त्यात माशांचं बीज आहे आणि गुरांना-पाखरांना उन्हाळ्याचा आधार आहे. एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पाणी रोज ८ ते १० मिलिमीटर उडून जातं, महिन्याला जवळजवळ फूटभर. म्हणून पसरट उथळ पाण्यापेक्षा एक खोल डोह टिकतो. खोदाईत भिंतीपासून दूर, २० × २० मीटरचा, भोवतालच्या तळापेक्षा मीटरभर खोल डोह मुद्दाम ठेवा. साठवण तलावात हा मीटरही गाळातच बसला पाहिजे, अस्तर फोडून नव्हे.

आणि घरटी. टिटवी उघड्या तळावर खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी घालते, ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की थांबा, दोघांनी हळू चालत अंडी शोधा आणि १५ मीटरचं वर्तुळ चुन्यानं आखा. अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नका, टिटवी ती उबवत नाही. हतनूरसारख्या मोठ्या जलाशयांत उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय वीण करतो. अशी बेटं मेअखेरपर्यंत सोडा. काठ उभे कापू नयेत हे खरं, पण जुन्या उभ्या मातीच्या दरडीत गोल बिळं दिसली तर ती वेड्या राघूची किंवा खंड्याची असतात. ती दरड तशीच ठेवा.

खोदाईचे दिवस

बकेट एकदम मीटरभर खुपसू द्यायची नाही. १५-२० सेंटिमीटरचे थर खरवडत जायचं आणि बकेटसमोर, सुरक्षित अंतरावर, एक माणूस डोळे उघडे ठेवून उभा हवा. मऊ पाठीचं कासव उन्हाळ्यात ओल्या चिखलात हात-दीड हात खाली गाडून घेतं. बाहेरून काहीच दिसत नाही, थर निघाला की चिखलाच्या रंगाची एक गुळगुळीत ढाल हलते आणि पाय आत ओढून घेते. कासव सापडलं तर ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच डोहाच्या काठच्या चिखलात सोडा. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, घरी नेणं गुन्हा आहे. बरीच निघाली किंवा एखादं जखमी झालं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मोठे बेडूक आणि मरळ यांनाही तीच वाट दाखवा.

खोदाई सलग उतारानं, काठाकडून डोहाकडे. तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली, याहून तीव्र उतार नको. ठिकठिकाणी विहिरीसारखे खड्डे पडले तर पाणी भरल्यावर ते दिसत नाहीत, आणि गुरं, पोरं त्यांत बुडतात. कामाचा वेग वाढवायला चालक खड्डा करतोच, म्हणून रोज संध्याकाळी तळ चालून बघा.

काठावरची बेशरम मुळासकट काढून उन्हात वाळवा. ओली फांदी नाल्यात टाकली तर खाली जाऊन रुजते.

ट्रॉली-नोंदवही तलावाच्या तोंडाशीच ठेवा: तारीख, ट्रॅक्टर, शेतकऱ्याचा गट क्रमांक, खेप. पिवळट मुरूम भरलेली पहिली ट्रॉली दिसली की त्या जागेचं काम थांबवा. ‘थोडा रस्त्याला नेतो’ म्हणून सुरू झालेलं काम मुरमाच्या खाणीवर जाऊन थांबतं. आणि वेळ वाचवायला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्या पावसात तोच आत येतो. जो गाळ त्याच दिवशी शेतात पोचत नाही तो खोदू नये.

शेतात पसरताना

एकरावर १० सेंटिमीटर थर द्यायला ४०५ घनमीटर गाळ, म्हणजे सुमारे १७० खेपा लागतात. पहिल्या वर्षी ५ सेंटिमीटर, ८५ खेपा, हे बहुतेक जमिनींना पुरेसं. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ७,२०० घनमीटरमध्ये ३५ एकराच्या आसपास शिवार होतं, एका-दोघांचं नव्हे. वाटप ठरवताना कोरडवाहू आणि लहान शेतकरी आधी घ्या.

ढीग टाकून ठेवले तर त्यांची दगडासारखी ढेकळं होतात. दोन-तीन दिवसांत फळीनं पसरा, १०-१५ दिवस ऊन लागू द्या, खोलातल्या गाळाचा कुजका वास त्यानं जातो. मग एकरी २ ते ३ टन शेणखत घालून नांगरानं खालच्या मातीत मिसळा. नुसता वर राहिलेला गाळ पावसात पापडी धरतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही. खान्देशात ठिबकवर मे महिन्याच्या शेवटी पूर्वहंगामी कपाशी लागते. अशा शेतांना खोदाईच्या पहिल्या आठवड्यातच गाळ द्या आणि नळ्या आधी गुंडाळून घ्या. गाळासोबत लव्हाळ्याच्या गाठी येतात हेही लक्षात असू द्या. लव्हाळा दाट असलेल्या भागातला गाळ बागायती शेतात नको, बांधावर किंवा पडीक जागेत टाका.

गाळ पुन्हा येतो तो वरून

पाणलोट उघडा असेल तर दहा वर्षांत तीच मोजणी पुन्हा करावी लागेल. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे नाल्यात ओळीनं दगडी बांध, मीटरभराच्या आतल्या उंचीचे, मध्यभागी खोलगट. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत येईल इतकं अंतर ठेवा. शेपटाच्या वरच्या बाजूला, नाल्यात, १० × ५ मीटरचा, दीड मीटर खोल गाळसापळा खोदला तर दर उन्हाळ्यात जेसीबीनं एका दिवसात रिकामा होतो आणि तलावाला हात लावावा लागत नाही. काठानं वाळा आणि मारवेल लावा. चराई दोन पावसाळे थांबवली तर गवत धरतं, नाहीतर नाही.

पहिलं पाणी आल्यावर

सांडव्याच्या भिंतीवर किंवा रोवलेल्या लोखंडी खांबावर सेंटिमीटरची पट्टी रंगवा. तलाव भरल्यावर पहिले सात दिवस भिंतीच्या मागचा पायथा रोज सकाळी चालून पाहा. ओल चालेल, स्वच्छ पाझर चालेल. गढूळ पाणी किंवा मातीचा बुडबुडता झरा दिसला तर त्याच तासाला संबंधित विभागाला फोन करा आणि खालच्या वस्तीला सांगा.

पाऊस थांबल्यावर दर सोमवारी पट्टी वाचा. ऑक्टोबरात पाणी रोज साधारण ५ मिलिमीटर हवेत उडतं. पट्टीवर पाणी रोज १५ मिलिमीटर उतरत असेल आणि कोणी उपसा करत नसेल, तर बाकीचे १० मिलिमीटर जिरत आहेत. पाझर तलावात ही आनंदाची गोष्ट, साठवण तलावात अस्तर फाटल्याची खूण. त्याच सोमवारी तलावाखालच्या तीन-चार विहिरींत दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, मोटार बंद करून निदान सहा तास झाल्यावर. हे आकडे तलावाच्या आकड्यांशेजारी, वहीच्या एकाच पानावर लिहा. डिसेंबरात शेपटाच्या उथळ भागात किती पाखरं उतरली, कोणती, हेही शाळेतल्या मुलांकडून त्याच पानावर लिहून घ्या.